न थांबणाऱ्या माशाचे चित्र

मासा पाणी केव्हा पितो ते कुणालाच कळत नाही, असे आपल्याकडे फार जुन्या काळापासून म्हणत आले आहेत. म्हणणाऱ्यांचा रोख माशावर नव्हता; तो सरकारी तिजोरीवर बसलेल्या अधिकाऱ्यांवर होता. परंतु त्यासाठी त्यांनी उपमा निवडली ती मोठी मार्मिक. डोळ्यांसमोर राहून नजरेला चकवा देणारा माशासारखा दुसरा प्राणी नाही. चिमणी उडून गेली तर निदान गेली एवढे तरी कळते. मासा जात नाही. तो तेथेच असतो, आणि तरीही हाती लागत नाही.

हल्ली पुष्कळ घरांतून दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात माशांची काचपेटी असते. तीत बोटाच्या पेराएवढे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे मासे सारखे इकडून तिकडे पळत असतात. दिवाळीला घरी आलेली मुले त्या पेटीभोवती गर्दी करतात, आणि एखादा हौशी मामा कॅमेरा घेऊन पुढे सरसावतो. मग चित्रात काय उतरते? एक निळसर फरकाटा, एक अर्धी शेपटी, काचेवर मामांचे स्वतःचे प्रतिबिंब, आणि बहुतेक वेळा नुसतेच पाणी! मामांच्या हाताला दोष देण्याचे कारण नाही. ज्या कामात त्यांची फजिती झाली, त्यात गेल्या शतकातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांची बुद्धी खर्ची पडली आहे. जिवंत माशाचे धड चित्र मिळावयास छायाचित्रणाच्या जन्मापासून पन्नासाहून अधिक वर्षे लागली, आणि तो आपल्या मर्जीने पोहत असताना मिळावयास आणखी कितीतरी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर मासळीबाजारात मिळेल. ताजा बांगडा निवडणाऱ्या कोकणातल्या बाईला विचारा. ती आधी त्याच्या पाठीची झळाळी पाहील. ती हिरवी-निळी चमक म्हणजे माशाच्या जिवंतपणाची शेवटची खूण. काही तासांत ती विझते आणि उरतो तो राखी रंगाचा एक पदार्थ. ग्रंथांतील मासे शतकानुशतके असेच विझलेले होते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८२२ साली छापला. त्यासाठी त्यांनी भारतीय चित्रकारांकडून माशांची चित्रे काढून घेतली होती. फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थानातील माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ पासून पुढे खंडशः प्रसिद्ध झाला. ही माणसे थोर होती, चित्रेही सुबक होती. पण समोर असे तो बहुधा ताटात किंवा मद्यार्काच्या बरणीत पडलेला मासा. त्याचे पर किती, खवले किती हे त्यावरून मोजता येई. तो वळतो कसा, घाबरतो कसा, प्रकाशात चमकतो कसा, हे मात्र मेलेला मासा सांगत नाही.

जिवंत मासा घरात आणून पाहण्याची सोय झाली ती काचेमुळे. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्रात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवून दिले की, योग्य प्रमाण साधले तर पाणी वारंवार न बदलताही मासे जगतात. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, आणि मध्यमवर्गीय इंग्रजी घरांतून काचपेटीचे वेड पसरले.

गंमत अशी की, ह्याच वर्षांत दुसरे एक वेड वाढत होते, आणि तेही काचेचेच. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेच्या पट्टीवर ओला कलोडियनचा लेप देऊन छायाचित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणजे पेटीही काचेची, भिंगही काचेचे, चित्र उतरावयाचे तेही काचेवर! ही दोन वेडे एका घरात नांदत होती. तरीही गॉस यांच्या पुस्तकातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेली होती. कॅमेऱ्याच्या आवाक्यात मासा अजून आलेला नव्हता. त्याच रीजंट्स पार्कमध्ये काउंट द माँटिझाँ यांनी १८५२ साली पाणघोड्याचे एक नामांकित छायाचित्र घेतले. ते साधले, कारण पाणघोडा तलावाच्या काठी खुशाल झोपला होता! मासा अशी मेहेरबानी करीत नाही.

अडचण नेमकी किती मोठी होती, हे थोड्या त्रैराशिकाने कळेल. समजा, तीन सेंटिमीटर लांबीचा मासा एका सेकंदात आपल्या लांबीच्या दहापट, म्हणजे तीस सेंटिमीटर जातो. कॅमेऱ्याचे झाकण एक सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो पेटी ओलांडून गेलेला असतो. सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहिले, तरी तो सहा मिलिमीटर सरकतो. म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा पुसला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात मात्र तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी हलतो, आणि तेव्हा कोठे त्याचे डोळे डोळ्यांसारखे दिसू लागतात. आर्चर यांच्या काचेला भर उन्हातही सेकंदच्या सेकंद लागत. आणि पेटीतल्या पाण्याखाली ऊन ते कोठले?

तेव्हा मार्ग दोनच उरले. एक तर माशाला थांबवावयाचे, नाही तर प्रकाशाला घाई करावयास लावावयाचे. पुढचा सगळा इतिहास या दोन मार्गांमधल्या ओढाताणीचा आहे.

दुसऱ्या मार्गाची किल्ली खरे तर आरंभीच सापडली होती. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट, यांनी त्याच १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक विलक्षण प्रयोग केला. ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचा एक तुकडा त्यांनी चाकावर चिकटवला, ते चाक भरवेगाने फिरवले, खोलीत अंधार केला आणि विजेची एक ठिणगी उडवली. ठिणगीच्या त्या निमिषात चाक जणू जागच्या जागी थिजले, आणि अक्षरे काचेवर वाचता येण्याजोगी उमटली. झाकण किती वेगाने मिटते याला महत्त्व नाही. अंधारात उजेडच जर क्षणभर असेल, तर चित्रही क्षणभराचेच उतरते, हे मर्म त्यांनी दाखवून दिले. पण त्या ठिणगीसाठी लागणारी विजेची सामग्री घरोघरी न्यावी अशी नव्हती. उत्तर सापडले होते. प्रश्नापर्यंत पोहोचावयास त्याला ऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात फ्रान्समध्ये एतियेन-झूल मारे नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. धावणे, उडणे, पोहणे यांत हालचाल म्हणजे नेमके काय होते, याचा त्यांना ध्यास होता. १८७८ साली मायब्रिज यांनी अमेरिकेत धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली, तेव्हा मारे यांना आपली वाट दिसली. १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. त्या बंदुकीतून गोळी सुटत नसे. सेकंदाला बारा चित्रे सुटत, आणि प्रत्येक चित्राला सेकंदाचा ७२० वा भाग पुरे होई. पुढे १८९० च्या सुमारास त्यांनी तीच दृष्टी पाण्याकडे वळवली. काचेच्या पेटीमागून भरपूर उजेड घ्यावयाचा, म्हणजे उजळ पार्श्वभूमीवर प्राण्याची काळी आकृती उठून दिसते. या युक्तीने त्यांनी वाम आणि पाकट या माशांची, समुद्रघोड्याची आणि मऊ छत्रीसारख्या जेलीफिशची हालचाल चित्रमालिकांत पकडली. वाम पुढे जाते ती अंगातून मागे जाणाऱ्या लाटेवर, पाकट आपल्या रुंद परांना लाटेसारखी हेलकावते, हे डोळ्यांनी कधी न दिसलेले आता कागदावर मोजता येऊ लागले. मात्र या चित्रांत रंग नव्हता, खवले नव्हते. ती माशाची सावली होती, मासा नव्हे.

मासा जसा दिसतो तसा टिपण्याचे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांनी पहिला मार्ग धरला. अमेरिकेत आर. डब्ल्यू. शुफेल्ट यांनी जिवंत माशांच्या छायाचित्रणाचे प्रयोग करून ते तेथील सरकारी मत्स्यखात्याच्या १८९९ च्या वार्षिकात मांडले. इंग्लंडात डॉ. फ्रान्सिस वॉर्ड यांनी तर निराळीच शक्कल काढली. त्यांनी तळ्याच्या काठाशी जमिनीखाली एक अंधारी खोली बांधली, आणि तिच्या एका भिंतीला पाण्याकडे उघडणारी काच बसवली. आत अंधार आणि बाहेर उजेड, त्यामुळे माशांना आत बसलेला माणूस दिसत नसे, माणसाला मात्र मासे स्वच्छ दिसत. त्यांचे ‘मार्व्हल्स ऑफ फिश लाइफ’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९११ साली निघाले. चंदेरी माशाच्या बाजू म्हणजे आरसे आहेत, भोवतालचे पाणी आणि गवत त्यांत उमटते आणि मासा त्यात लपून जातो, ही गोष्ट त्या चित्रांनी लोकांच्या नजरेस आणली. वॉर्ड यांनी माशाला हात लावला नाही. स्वतःलाच कोंडून घेतले. या इतिहासातील हा एक फार सुंदर प्रसंग मानावा लागेल.

पण घरातल्या पेटीतील बोटभर माशाला हा उपाय पुरत नाही. तेथे आणखी एक शत्रू आहे. लहान वस्तूचे मोठे चित्र घ्यावयाचे तर भिंग अगदी जवळ न्यावे लागते. आणि भिंग जितके जवळ, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या पाण्याची जाडी कमी. ती कधी कधी काही मिलिमीटरच असते. त्या पातळ पदरात मासा असेल तोवर ठीक. जरा पुढे-मागे झाला की धूसर. म्हणून हौशी लोकांनी एक सोपी युक्ती काढली. पेटीच्या पुढच्या काचेमागे आणखी एक काच बसवावयाची, आणि माशाला त्या दोहोंच्या फटीत सोडावयाचे. दोन बोटे रुंदीच्या त्या गल्लीत तो डावी-उजवीकडे जाऊ शके; मागे पळून जाणे त्याला शक्य नसे. या युक्तीने सुरेख चित्रे मिळाली, यात शंका नाही. पण अशा चित्रांतल्या माशाकडे बारकाईने पाहिले, तर पुष्कळदा त्याचे पर अंगाशी मिटलेले आणि रंग फिका पडलेला दिसतो. भ्यालेला मासा रंग टाकतो. मेलेल्या माशाचे चित्र जसे अपुरे, तसेच कोंडलेल्याचेही अपुरेच.

काचपेटीतील माशांची चित्रे घराघरांत पोहोचवली ती फिलाडेल्फियाच्या विल्यम टी. इनेस यांनी. हे गृहस्थ व्यवसायाने मुद्रक, हाडाचे मत्स्यप्रेमी आणि उत्तम छायाचित्रकार. त्यांचे ‘एक्झॉटिक अ‍ॅक्वेरियम फिशेस’ १९३५ साली निघाले, आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. त्याच सुमारास अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून एक इवलासा मासा बाहेरच्या जगात आला होता. त्याच्या अंगावर डोळ्यापासून मागे जाणारी झगझगीत निळी रेघ आणि खाली तांबडा पट्टा. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा नावात इनेस यांचा गौरव केला. आपण ज्याला निऑन टेट्रा म्हणतो तोच हा. माशाची चित्रे छापणाऱ्या माणसाचे नाव माशालाच मिळावे, हा सन्मान एखाद्या पदवीपेक्षा मोठा आहे.

आणि हा निऑन म्हणजे छायाचित्रकाराची मूर्तिमंत परीक्षाच. त्याची निळी रेघ रंगाची नाहीच. त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. त्यांवर आपटून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. मोराच्या पिसाची निळाईही अशाच जातीची. त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की छटा बदलते. आणि रात्री अंधारात ही रेघ मंद होऊन जाते. दिवा लावताच घाईने चित्र घेणाऱ्याला फिका मासा मिळतो. जो थोडा वेळ थांबतो त्याला खरा निऑन भेटतो.

इनेस यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९३५ मध्ये, कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली. रंग सुंदर, पण फिल्म अतिशय मंद. तिला उजेड हवा तो मुबलक. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करण्याची रीत १८८७ पासून होती. पण तिचा भडका, धूर आणि राख दिवाणखान्यात कोण सहन करणार? पुढे फुटणारे काचेचे बल्ब निघाले. ते सोयीचे होते, तरी त्यांचा उजेड चपळ माशाच्या मानाने रेंगाळणाराच.

अखेर टॅल्बट यांची ठिणगी परत आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन नावाचे विद्युत अभियंते फिरत्या यंत्रांचा अभ्यास करीत होते. १९३१ च्या सुमारास त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा साठा एकदम सोडून लख्ख, क्षणिक आणि पुन्हा पुन्हा करता येणारा प्रकाश सिद्ध केला. दुधाच्या थेंबातून उठणारा मुकुट आणि बंदुकीची उडती गोळी जगाने निवांत पाहिली ती या प्रकाशात. त्यांच्या कामावर निघालेल्या ‘क्विकर’न अ विंक’ या १९४० च्या लघुपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. ज्या उजेडापुढे गोळी थांबते, त्यापुढे मासा कसा निसटणार? दुसऱ्या महायुद्धानंतर हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हौशी माणसांच्या हाती येऊ लागला, आणि मग त्या दोन काचांच्या गल्लीची तितकी गरज उरली नाही.

या साऱ्या हकिकतीचे सार मला येथे दिसते. प्रकाशाचा क्षण जसजसा आखूड होत गेला, तसतसे माशाला मोकळे सोडलेले पाणी रुंद होत गेले. सेकंद लागत होते तेव्हा मासा मेलेलाच हवा होता. शतांश सेकंद लागू लागला तेव्हा तो काचांच्या फटीत उभा राहिला. सहस्रांश हाती आला तेव्हा तो आपल्या वनस्पतींमधून, आपल्या सोबत्यांबरोबर मनमुराद पोहू लागला, आणि त्याचे पर पूर्ण उघडले. यंत्र सुधारले म्हणून माणसाने दुसऱ्या जिवावरची पकड थोडी सैल केली, अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत. म्हणून हे एक जपून ठेवावे.

आजच्या घरगुती हौशेलाही हेच तत्त्व उपयोगी पडते. पेटीची काच आतून-बाहेरून स्वच्छ असावी आणि कॅमेरा तिच्याशी काटकोनात धरावा. तिरपे पाहिले की पाणी आणि काच किरणांना वाकवतात आणि चित्र फाटल्यासारखे दिसते. खोलीतले दिवे मालवावेत; भिंगाभोवती काळे कापड धरले तर मामांचे प्रतिबिंब उमटत नाही. फ्लॅश समोरून कधी मारू नये. खवले आरशासारखे तो परत फेकतात. तो वरून द्यावा, जसे ओढ्यात ऊन वरून येते. आधुनिक फ्लॅशची शक्ती कमी केली तर त्याची चमक अधिकच आखूड होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी. आणि माशामागे कॅमेरा घेऊन धावू नये. तो कोठून वळतो, कोठे घुटमळतो हे पाहावे. त्या जागी भिंग आधीच साधून ठेवावे आणि वाट पाहावी. मासा आपल्या सवयीने तेथे येतो. काचेवर टिचक्या मारून त्याला बोलावणे, हे घरी आलेल्या पाहुण्याच्या कानाशी ढोल बडवण्यासारखे आहे.

आपल्या मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी जिवंत रंगीत मासा पहिल्यांदा तेथील काचेला नाक लावून पाहिला. सुटीत मुंबईला गेलेल्या खेड्यातल्या मुलाला राणीचा बाग आणि मत्स्यालय हीच दोन तीर्थे असत. ताटातल्या माशाची ओळख घरोघरी होती. पोहणाऱ्या माशाची ओळख त्या काचेने करून दिली.

शेवटी एका आपल्याच माशाची गोष्ट सांगावीशी वाटते. हॅमिल्टन यांनी १८२२ च्या त्या ग्रंथात कोसी नदीतील एका चिमुकल्या, निळ्या पट्ट्यांच्या माशाची नोंद केली होती. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांच्या ओढ्यांतून, भातशेतांच्या कडेने तो आजही सापडतो. झेब्रा डॅनिओ या नावाने तो जगभरच्या काचपेट्यांत गेला; स्वस्त, काटक आणि क्षणभर स्वस्थ न बसणारा. १९८१ साली अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावरील आनुवंशिकतेचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून तो प्रयोगशाळांचा लाडका झाला आहे. त्याचे अंड्यातून निघालेले पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते; जिवंतपणीच त्याचे धडधडणारे हृदय दिसते. सेकंदाला हजार चित्रे घेणारे कॅमेरे आज त्या पिलावर रोखलेले असतात. ते दचकले की शरीर धनुष्यासारखे वाकवून सेकंदाच्या काही सहस्रांशात दिशा बदलते. भीती मेंदूतून शेपटीपर्यंत कशी पोहोचते, याचा अभ्यास त्या चित्रांवरून चालतो.

दोनशे वर्षांपूर्वी ज्याचे नाव एका ग्रंथात नोंदले गेले, तो आता आपल्या जिवंतपणाची एकेक घडी उलगडून दाखवीत आहे. मासा पाणी केव्हा पितो हे अजूनही आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण तो जगतो कसा, हे थोडे थोडे दिसू लागले आहे. ते दिसावे म्हणून त्याला थांबावे लागले नाही. थांबावयास शिकलो ते आपण.